खो कुणाला द्यायचा?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. एवढ्या उशिराचा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. उचलला तर म्हणते, "मावशी, सहाव्यांदा मेले. त्याच जागी."

'बाल्डर्स गेट ३' हा गेम तिने महिनाभरापूर्वी घेतला होता, माझ्याच सांगण्यावरून. अडकली होती ती जागा मला चांगली ठाऊक होती. एक ओसाड पडलेलं गाव, वेशीतून आत शिरायचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंच्या छपरांवर धनुष्यबाण घेऊन बसलेले गॉब्लिन. मी विचारलं, "बरोबर कोण कोण आहे?"

"मी बार्बेरियन. लेझेल फायटर आहेच. शॅडोहार्टला पॅलाडिन करून टाकलं आणि विललाही फायटर केलं. चौघेही दणकट आहेत गं, तरी मरतोय."

मी म्हटलं, चौघेही एकसारखे दणकट आहेत म्हणूनच मरताय. मग तासभर बोलत बसलो. त्या रात्री तिला जे सांगितलं ते इतरांनाही उपयोगी पडेल असं वाटतं, कारण गेली दोन वर्षं अनेक नव्या खेळाडूंना मी याच वेशीत अडकलेलं पाहते आहे.

माझ्याबद्दल थोडं. मी साताऱ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. १९९९ साली थोरल्या दादाच्या कॉम्प्युटरवर पहिला 'बाल्डर्स गेट' खेळले. तो पाच सीडींवर यायचा. एका प्रदेशातून दुसऱ्यात गेलं की सीडी बदलायला लागायची. तेव्हापासून हा छंद सुटलेला नाही. कधी दीडदोन वर्षं काहीच खेळणं झालं नाही, पण परत आले की आले.

ज्यांनी असे गेम कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही एका कथेत शिरता आणि बहुतेक वेळा एकटे नसता. बरोबर साथीदार असतात, आणि सगळ्यांची मिळून होते ती पार्टी. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये ती चौघांची असते. प्रत्येकाचा एक क्लास, म्हणजे त्याचा पेशा: फायटर शस्त्र चालवतो, विझर्ड पोथीतून शिकलेले मंत्र टाकतो, क्लेरिकला देवाचं बळ असतं, रोग कुलपं उघडतो आणि मोक्याच्या क्षणी सुरा चालवतो. असे बारा क्लास आहेत. लढाई पाळीपाळीने होते आणि आपल्या चौघांच्या चाली आपणच ठरवतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की चौघं कोणती घ्यायची?

याचं ठरीव उत्तर अशा खेळांइतकंच जुनं आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन घोळक्याने बसून खेळायचा खेळ. त्यात तीनच पेशे होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. मारणारा, मंत्र टाकणारा, बरं करणारा आणि कुलूप उघडणारा, हा चौकोन तिथून जो ठरला तो ठरलाच. १९८१च्या 'विझर्ड्री'त सहा जणांची पार्टी असायची. पुढच्या रांगेतले तिघेच हातघाईला जाऊ शकत, मागच्यांनी मंत्र टाकायचे. १९८७ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या 'फायनल फँटसी'त सहा पेशांतून चौघं निवडायची होती. एकच पेशा चार वेळा घेतला तरी गेम अडवत नव्हता. नुसते चार व्हाइट मेज घेऊन तो पार करण्याची पैज मारणारे खेळाडू आजही भेटतात.

पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये पार्टी सहाची होती, तिसऱ्यात चारची झाली. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. सहा जागा असतात तेव्हा एकाला निव्वळ कुलपं आणि सापळ्यांसाठी बाळगणं परवडतं. चार जागांत प्रत्येकाला किमान दोन कामं यायला हवीत. म्हणून 'एक टँक (म्हणजे मार अंगावर घेणारा), एक हीलर, एक चोर, एक जादूगार' हा सल्ला मला अपुरा वाटतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. नव्या माणसाला तो बुडू देत नाही. पण चौकोन भरला की पार्टी झाली अशी समजूत त्याने होते, आणि तिथे घोळ होतो.

शाळेत मी खो-खो खेळायचे. आमच्या बाई एक गोष्ट सारखी बजावायच्या. गडी बाद करण्यासाठी नुसता जोरात पळणारा असून भागत नाही. पळणाऱ्याने योग्य वेळी, योग्य दिशेला तोंड करून बसलेल्याला खो द्यायला हवा. पार्टी निवडताना मी तेच बघते. याची चाल संपली की पुढच्याच्या हातात काय आलं? आधीच्याने केलेल्या कामाचा फायदा पुढच्याला घेता येतो का?

भाचीच्या वेशीकडे परत येऊ. या गेममध्ये उंचावरून मारणाऱ्याला नेम धरताना दोनाचा फायदा मिळतो आणि खालून वर मारणाऱ्याचे दोन कापले जातात. फासा वीस बाजूंचा असतो, त्यामुळे एकेक आकडा शंभरातल्या पाचाच्या मोलाचा. म्हणजे छपरावरचा आणि रस्त्यावरचा यांच्यात वीस टक्क्यांची तफावत लढाईआधीच पडली. साधा माणूस एका पाळीत नऊ मीटर चालतो. तिचे चौघेही शिडी शोधत पळायचे, तोवर दोन पाळ्या बाण खायचे. शिवाय बार्बेरियनची खास शक्ती म्हणजे संताप, आणि तो टिकायला त्याने मारावं तरी लागतं किंवा मार तरी खावा लागतो. दोन्ही चुकलं की संताप ओसरला. तिचा संताप कधी शिडीच्या पायथ्याशीच ओसरायचा, कधी वर पोचेपर्यंत तीच आडवी व्हायची.

"मग मी बार्बेरियन सोडू का?" तिने विचारलं. मुळीच नाही. हे मी अगदी ठासून सांगते: जो पेशा खेळायला आवडतो तो धरून ठेवा आणि उरलेल्या तीन जागा त्याच्याभोवती रचा. बार्बेरियनला लांबचं मारता येत नाही असंही नाही. धनुष्याला चपळाई लागते, पण फेकायचा भाला ताकदीवर जातो, आणि ताकद तर तिच्यापाशी भरपूर होती. वाटेत सापडलेले भाले तिने वजन नको म्हणून विकून टाकले होते.

आता पाळ्यांचा हिशोब. समजा समोर आठ जण आहेत आणि आपण चार. म्हणजे आपण चार चाली करेपर्यंत ते आठ करणार. ताकद वाढवून हे अंतर फार भरून निघत नाही. ते दोनच वाटांनी भरतं: एकेकाला झटपट संपवायचं किंवा त्याची पाळीच काढून घ्यायची. म्हणून मला पार्टीत पाळी हिरावणारा एक तरी लागतोच. पहिल्याच पातळीवरचा झोपेचा मंत्र घ्या. समोरच्यांच्या उरलेल्या प्राणबिंदूंची बेरीज चोवीस भरेपर्यंत तो एकेकाला झोपवतो, त्यांना बचावाचा फासाही टाकू देत नाही. पुढे 'होल्ड पर्सन' मिळतो. त्याने माणसासारखा शत्रू जागच्या जागी थिजतो, आणि थिजलेल्यावर जवळून केलेला वार लागला की दुप्पट फाशांचा बसतो. गेल नावाच्या विझर्ड साथीदाराने थिजवायचं आणि लेझेलने तलवार चालवायची, हा झाला खो. तिच्या पार्टीत थिजवणारा कुणी नव्हता. चौघंच्या चौघं फक्त मारणारे, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं शून्यापासून पळावं लागत होतं.

अ‍ॅस्टेरियनचंही तसंच. तो रोग आहे, त्याचा वर्मी वार जबर बसतो. पण त्यासाठी त्याला नेमाची वरचढ संधी मिळायला हवी, नाहीतर शत्रूला खेटून आपला कुणी उभा हवा. त्याला एकट्याला पुढे पाठवणारे नवे खेळाडू मग तक्रार करतात की हा काहीच मारत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी आधी गड्याला घेरावं लागतं.

बरं करणाऱ्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबते. पुष्कळांना वाटतं की क्लेरिक म्हणजे मागे उभं राहून सतत जखमा भरणारी परिचारिका. या गेममध्ये ते जमत नाही, कारण मार जितक्या वेगाने बसतो तितक्या वेगाने भरून निघत नाही. आकडे बघा. 'क्युअर वूंड्स' या मंत्रासाठी शत्रूंच्या गर्दीतून जखमी माणसाजवळ जाऊन हात लावावा लागतो, अख्खी मुख्य ॲक्शन जाते, आणि सुरुवातीच्या पातळीला भरतात सरासरी सातआठ बिंदू. बाजारात मिळणारी साधी औषधाची बाटली सरासरी सात भरते, आणि ती पिणं पाळीतल्या दुय्यम, म्हणजे बोनस ॲक्शनमध्ये होतं. तीच बाटली घोळक्यावर फेकून फोडली तर जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना गुण येतो.

मग मूळची क्लेरिक शॅडोहार्ट कशाला हवी? दोन गोष्टींसाठी. 'हीलिंग वर्ड' हा तिचा मंत्र अठरा मीटरवरून, बोनस ॲक्शनमध्ये टाकता येतो. भरतं थोडंच, पण खाली पडलेला साथीदार उठून उभा राहतो आणि त्याची पाळी परत मिळते. ती थोडक्या बिंदूंहून कितीतरी मोलाची. दुसरा 'ब्लेस'. तिघा साथीदारांना प्रत्येक वाराच्या आणि बचावाच्या फाशात चार बाजूंचा आणखी एक फासा मिळतो. सरासरी अडीच, म्हणजे शंभर वारांमागे बाराएक जास्त लागतात. लढाईच्या पहिल्या पाळीत ब्लेस टाकणारी शॅडोहार्ट दिवसभर पट्ट्या बांधणाऱ्या शॅडोहार्टपेक्षा जास्त प्राण वाचवते. भाचीने तिला पॅलाडिन केलं आणि 'हीलिंग वर्ड' गमावून बसली.

आता ब्लेससारखे मंत्र टिकवून धरावे लागतात. त्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात, आणि एका माणसाला एका वेळी एकच मंत्र असा धरता येतो. मार बसला तर तो सुटूही शकतो. मी पार्टी ठरवते तेव्हा बोटांवर मोजते: कोण काय धरणार? शॅडोहार्ट ब्लेस धरेल, गेल 'होल्ड पर्सन' धरेल, मूळचा वॉरलॉक विल 'हेक्स' धरेल. संतापलेल्या बार्बेरियनला मंत्र टाकताही येत नाही आणि धरताही येत नाही. ते बोट रिकामं राहिलं तरी चालतं. पण चारही बोटं रिकामी असतील तर खूप काही वाया जातंय. उलट दोन क्लेरिक घेऊन दोघींनी ब्लेसच धरला तर दुसरीचं काम फुकट.

एकमेकांचं काम पुसून टाकणाऱ्या जोड्याही असतात, आणि त्या फार लवकर लक्षात येत नाहीत. पाण्याने भिजलेल्या शत्रूला विजेचा आणि गारठ्याचा मार दुप्पट बसतो. शॅडोहार्टने पाऊस पाडावा, गेलने बर्फाचा किरण सोडावा. तो किरण कितीदाही फुकट टाकता येतो, आणि भिजलेल्यावर तो मोठ्या मंत्राच्या तोडीचा होतो. पण भिजलेल्याला आगीचा मार निम्माच बसतो. गेलला सगळे आगीचे मंत्र शिकवून ठेवले असतील तर शॅडोहार्टच्या पावसाने शत्रूचंच भलं केलं. विलचा अंधाराचा ढगही असाच. 'डेव्हिल्स साइट' घेतल्यावर त्याला त्या काळोखात दिसतं. आपल्या बाकीच्या तिघांना दिसत नाही, आणि बाहेरून आत बाणही मारता येत नाही. ढग उत्तम आहे, पण तिरंदाजांच्या पार्टीत तो गळफास होतो.

विश्रांतीचा मुद्दा थोडक्यात. फायटर आणि वॉरलॉक यांच्या बऱ्याचशा शक्ती छोट्या विश्रांतीने परत येतात, आणि तशी विश्रांती दिवसातून दोनदा फुकट मिळते. विझर्ड आणि क्लेरिक यांना बहुतेक सगळ्यासाठी रात्रीचा मुक्काम लागतो, त्याला चाळीस मापं शिधा खर्च होतो. कठीण पातळीवर ऐंशी. चौघेही मुक्कामवाले घेतले तर दोन लढायांत हात रिते होतात. दोन इकडचे, दोन तिकडचे असले की दिवस बरा निघतो. बार्ड असेल तर तो गाणं म्हणून आणखी एक छोटी विश्रांती देतो. त्याला लोक उगाच हलक्यात घेतात.

लढाईबाहेरही कामं असतात. कुलूप कुणीही चपळ माणूस उघडू शकतो, त्यासाठी रोगच हवा असं नाही. बोलणारा मात्र एक हवाच. ज्याच्या तोंडून संवाद सुरू होतो त्याच्याच वाणीची परीक्षा होते, म्हणून पुढे चालणारा गोड बोलणारा असावा: बार्ड, वॉरलॉक, पॅलाडिन किंवा सॉर्सरर. त्या वेशीतले गॉब्लिनसुद्धा बोलण्याने वाट सोडतात. भाचीला हे सांगितल्यावर ती काही क्षण गप्पच झाली. सहाही वेळा तिची बार्बेरियन पुढे होती.

हे शहाणपण मी सुखासुखी शिकलेले नाही. याच लॅरियन स्टुडिओचा २०१७ सालचा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' खेळताना मी फोर्ट जॉयच्या बेटावरच गटांगळ्या खाल्ल्या. तिथे शत्रूला दोन चिलखतं असतात, एक शस्त्रांविरुद्ध आणि एक जादूविरुद्ध, आणि ज्या जातीचं चिलखत शाबूत आहे त्या जातीचा पाळी हिरावणारा कुठलाही परिणाम त्याच्यावर होत नाही. माझ्या पार्टीत दोन शस्त्रवाले, दोन जादूवाले. पुस्तकात शोभेल असा समतोल. चौघं मिळून एकाच शत्रूवर तुटून पडायचे. दोघं एक चिलखत अर्धं फोडणार, दोघं दुसरं अर्धं, आणि तो तसाच उभा. मग तिघं शस्त्रवाले आणि एक जादूवाला अशी मांडणी केली आणि गेम बदलला. पुढे कळलं की दोन-दोनही चालतं, फक्त जोड्यांनी वाटून घ्यायचं: जाड लोखंडी चिलखतवाल्याकडे जादूगारांनी जायचं, जादूगारांकडे तलवारींनी. एका गेममधलं शहाणपण दुसऱ्यात जसंच्या तसं चालत नाही हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं. नवा गेम घेतला की मी पहिले दोन तास आकडे न बघता फक्त हे शोधते, की इथे एकाचं काम दुसऱ्याला कुठे उपयोगी पडतं.

आणि एक गोष्ट आकड्यांत बसत नाही. साथीदार ही माणसं असतात. पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये खालिद आणि जहीरा हे नवराबायको भेटतात. एकाला निरोप दिला की दुसराही निघून जातो. चांगल्या आणि दुष्ट स्वभावाचे साथीदार एकत्र ठेवले की ते एक दिवस आपसांतच शस्त्रं काढतात. तिसऱ्या भागात शॅडोहार्ट आणि लेझेल यांचं वैर एका रात्री मुक्कामावर सुरीपर्यंत जातं. मला या दोघींना बरोबर घेऊनच फिरायला आवडतं. वाटेत त्या जे बोलतात त्यासाठी मी खेळते. तुम्हाला ज्याचा आवाज ऐकावासा वाटतो त्याला मुक्कामावर बसवून ठेवू नका. विदर्स नावाचा, हाडांचा सापळा झालेला एक म्हातारा मुक्कामाला येऊन राहतो. शंभर सोन्याच्या नाण्यांत तो कुणाचाही पेशा बदलून देतो. पेशाची अडचण सुटते, माणूस तोच राहतो. मुक्कामावर राहिलेल्यांचा अनुभवही वाढत असतो, त्यामुळे आज एकाला, उद्या दुसऱ्याला नेलं तरी कुणी मागे पडत नाही.

त्या रात्री भाचीने शॅडोहार्टला परत क्लेरिक केलं. विलला मुक्कामावर ठेवून गेलला घेतलं, स्वतः बार्बेरियनच राहिली. व्यापाऱ्याकडे जाऊन विकलेले भाले परत आणले. मग फोन स्पीकरवर ठेवून तिने लढाई सुरू केली आणि मी साताऱ्यात पलंगावर बसून ऐकत राहिले. आधी ब्लेस. मग गेलने डावीकडच्या छपरावरचा नेमबाज झोपवला. लेझेल गिथयांकी जातीची, तिसऱ्या पातळीला तिला तिप्पट लांब उडी मिळते. ती शिडीच्या नादी न लागता थेट उजव्या छपरावर. भाचीचा पहिला भाला चुकला, दुसरा लागला. मध्येच लेझेल खाली कोसळली तेव्हा भाची ओरडली, आणि लगेच म्हणाली, "थांब थांब, हीलिंग वर्ड आहे."

एक वाजून गेला होता. सकाळी मला नऊला लायब्ररी उघडायची होती, तिचं प्रॅक्टिकल होतं. तरी फोन ठेवताना तिने विचारलं, गावातल्या विहिरीत उतरलं की खाली कोळ्यांची गुहा लागते म्हणतात, तिथे कोणाला नेऊ? मी म्हटलं, आजचीच चौघं ने, फक्त गेलला आता आगीचे मंत्र दे, तिथली जाळी पेटते, आणि शॅडोहार्टला पाऊस पाडू देऊ नकोस.